हातचा किती? कार्यस्मृतीच्या शोधाची गोष्ट

४७ आणि ३८. कागद न घेता बेरीज करा. सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. चार आणि तीन सात, हातचा एक धरून आठ. उत्तर पंच्याऐंशी.

यातला ‘हातचा’ हा शब्द फार नेमका आहे. पुढची बेरीज होईपर्यंत तो एक आपण मनात धरला आणि काम होताच सोडून दिला. मध्येच दाराची बेल वाजली किंवा कुणी हाक मारली, तर पहिल्यांदा जातो तो हातचाच, आणि बेरीज पुन्हा सुरू करावी लागते.

हातचा धरून ठेवणारी मनातली ही जागा म्हणजे कार्यस्मृती. हुबळीच्या विद्यानगरात, कॉलेजांच्या आणि शिकवण्यांच्या गजबजीत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये ती दिवसभर तीन भाषांत राबते: घरात मराठी, दुकानात कन्नड, वर्गात इंग्रजी. ‘सांगितलेलं याच्या डोक्यात राहत नाही’ अशी तक्रार आपण मुलाबद्दल करतो, तेव्हा पुष्कळदा प्रश्न या जागेचा असतो. ती केवढी आहे, कशाने भरते आणि तिच्यात काम कसे चालते, याचा शोध घेण्यात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांची साठ वर्षांहून अधिक कारकीर्द गेली. त्या शोधाचा एक धागा आपल्या या दुभाषिक मुलखातूनही जातो.

सुरुवात पत्त्याच्या आकड्यांपासून

बॅडली यांचा जन्म १९३४चा, इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकून आणि वर्षभर अमेरिकेत प्रिन्स्टनला राहून ते केंब्रिजच्या ‘अप्लाइड सायकॉलॉजी युनिट’मध्ये दाखल झाले. लोकांच्या रोजच्या कामातले प्रश्न प्रयोगशाळेत आणायचे, ही या संस्थेची रीत. ब्रिटिश टपाल खात्याला तेव्हा पत्त्यांसाठी संकेतांक हवे होते, आणि ते लोकांच्या लक्षात राहतील कसे, हा प्रश्न बॅडलींच्या वाट्याला आला. इंग्रजीत कोणत्या अक्षरामागे कोणते अक्षर सहज येते, हे पाहून त्यांनी लक्षात राहायला सोपे संकेत तयार केले. खात्याने ते स्वीकारले नाहीत. पण या तरुण संशोधकाला त्यातून आयुष्यभराचा विषय मिळाला. १९६२मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली.

आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. ते संस्कृतचे कवीही होते. पिनकोड सहा आकड्यांचा असतो. विद्यानगरातल्या केएलई तंत्रज्ञान विद्यापीठाचा पिनकोड आहे ५८००३१. हुबळी-धारवाडच्या माणसाला यातले ५८० मुद्दाम धरून ठेवावे लागत नाही; ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याला सांभाळायचे असतात शेवटचे तीन आकडे. पुण्याहून हा पत्ता उतरवून घेणाऱ्याला मात्र सहाच्या सहा आकडे पेलावे लागतात. संकेतांक एकच असला तरी ओझे दोघांचे वेगळे. कार्यस्मृतीबद्दलची ही पहिली महत्त्वाची गोष्ट: तिच्यात किती मावते, हे आधी काय माहीत आहे यावर अवलंबून असते.

सात की चार?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६मध्ये एक निबंध लिहिला. एकदा ऐकून माणूस साधारण सात गोष्टी परत सांगू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त, हे त्याचे सार. पण मिलर यांचा खरा मुद्दा ‘गोष्ट’ म्हणजे काय हा होता. सुटी अक्षरे सात मावतात, पण त्यांचे ओळखीचे शब्द झाले की प्रत्येक शब्द एकेक गोष्ट ठरतो. असा एकत्र बांधलेला ऐवज म्हणजे पुंजका. मोबाइलचा दहा आकडी नंबर आपण पाच आणि पाच असा सांगतो, ते पुंजके करणेच आहे.

पुढे नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये दाखवले की मनातल्या मनात घोकण्याची आणि पुंजके बांधण्याची संधी काढून घेतली, तर उरतात साधारण चार. चार म्हणजे फार थोडे. ‘दूध आण, इस्त्रीचे कपडे घे, येताना औषध घे, काकांना फोन कर आणि हो, गॅसचं विचार’ एवढे एका दमात सांगितले, की यादी चारच्या पुढे गेली.

एका वेळी दोन कामे

१९७०च्या सुमाराला अल्पकालीन स्मृती म्हणजे एक कप्पा, असे मानले जाई. ऐकलेले त्यात थोडा वेळ थांबते, मग दीर्घकालीन स्मृतीत जाते किंवा पुसले जाते. बॅडली तेव्हा ससेक्स विद्यापीठात होते. ग्रॅहम हिच हे त्यांचे तरुण सहकारी. दोघांनी साधा प्रश्न विचारला: हा कप्पा माणसाच्या नेमका कोणत्या कामाचा? विचार करायला तो लागत असेल, तर तो आकड्यांनी भरून टाकल्यावर विचार थांबायला हवा.

प्रयोग असा होता. माणसाला काही आकडे द्यायचे आणि ते सतत मोठ्याने म्हणत राहायला सांगायचे. त्याच वेळी त्याच्यासमोर छोटी विधाने ठेवायची: ‘अ हे ब च्या मागून येते’, आणि शेजारी लिहिलेले ‘ब अ’. विधान खरे की खोटे, एवढेच सांगायचे. आकडे वाढवत नेले तसा उत्तराला लागणारा वेळ वाढला, दीडपटीपर्यंत गेला. चुका मात्र वाढल्या नाहीत. त्या शेकडा पाचच्या आसपासच राहिल्या. तोंड आकड्यांत गुंतलेले असतानाही विचार संथपणे, पण नीट चालू होता.

याचा अर्थ आकडे धरणारी जागा आणि विचार चालवणारी जागा अगदी एकच नव्हती. एका कप्प्याऐवजी वाटून काम करणारी एक व्यवस्था मानावी लागली. १९७४मध्ये बॅडली आणि हिच यांनी ती मांडली आणि तिला कार्यस्मृती म्हटले. त्याच वर्षी बॅडली केंब्रिजच्या आपल्या जुन्या संस्थेचे संचालक झाले आणि १९९५पर्यंत त्या पदावर राहिले.

कारभारी, आवर्तन आणि पाटी

या व्यवस्थेचे भाग तीन. एक आहे मुख्य कारभारी. लक्ष कुठे द्यायचे, काय सोडायचे, एका कामावरून दुसऱ्याकडे कधी वळायचे, हे तो ठरवतो. त्याच्या हाताखाली दोन मदतनीस.

पहिला मदतनीस ध्वनीचा. ऐकलेले शब्द तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. तालाचे आवर्तन समेवर येऊन पुन्हा सुरू होते, तसे हे शब्द फिरत राहतात, म्हणून त्याला ध्वनी-आवर्तन म्हणू. दुसरा मदतनीस म्हणजे दृश्य पाटी. घरातले फर्निचर मनातल्या मनात हलवून बघतो, स्टँडवरून घरी जायचा रस्ता डोळ्यांपुढे आणतो, तेव्हा आपण या पाटीवर काम करत असतो.

पाटीची गोष्ट बॅडलींना गाडी चालवताना जाणवली. अमेरिकेत असताना ते रेडिओवर फुटबॉलच्या सामन्याचे वर्णन ऐकत होते. मैदान, खेळाडू, धाव सारे डोळ्यांपुढे उभे राहिले आणि गाडी रस्त्यावर डावी-उजवीकडे सरकू लागली. त्यांनी रेडिओवर संगीत लावले आणि गाडी सरळ चालू लागली. मैदान आणि रस्ता एकाच पाटीवर मावत नव्हते. स्टिअरिंगवर बसून फोनवर कुणाला पत्ता समजावणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव लक्षात ठेवावा.

२०००मध्ये बॅडलींनी चौथा भाग जोडला. ध्वनी, चित्र आणि जुन्या आठवणी एकत्र आणून सलग प्रसंग उभा करणारी ही जुळणीची जागा. स्वतःचीच मांडणी सव्वीस वर्षांनंतर दुरुस्त करायला ते तयार होते, हे त्यांच्या संशोधनातले मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

दोन सेकंदांची मुदत

ध्वनी-आवर्तन घरी तपासून पाहता येते. ‘वाट, लाट, खाट, पाट, ताट’ हे शब्द कुणाला एकदा ऐकवा आणि त्याच क्रमाने परत म्हणायला सांगा. मग ‘घर, पेन, दूध, बैल, चूल’ ऐकवा. पहिल्या यादीत क्रम चुकण्याची शक्यता जास्त. १९६६मध्ये बॅडलींनी हेच दाखवले: सारख्या ध्वनीचे शब्द एकमेकांत मिसळतात, सारख्या अर्थाचे तेवढे मिसळत नाहीत. ही जागा आधी नाद धरते.

आता दोन याद्या गावांच्या: ‘पुणे, बीड, पेण, मिरज, कराड’ आणि ‘रत्नागिरी, सिंधुदुर्ग, धाराशिव, महाबळेश्वर, कोल्हापूर’. गावे दोन्हींत पाच, पण दुसरी यादी जड जाते. १९७५मध्ये बॅडली आणि सहकाऱ्यांनी याला माप दिले. साधारण दोन सेकंदांत जेवढे म्हणता येते, तेवढेच आवर्तनात टिकते. शब्द लांब असले की पहिला शब्द पुन्हा म्हणायची पाळी येईपर्यंत तो विरून जातो.

१९८०मध्ये वेल्समधल्या दुभाषिक लोकांवर एक अभ्यास झाला. वेल्श भाषेत आकड्यांची नावे उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्याच माणसांना वेल्शमध्ये कमी आकडे आठवले, इंग्रजीत जास्त. माणूस तोच होता, बुद्धीही तीच. फरक नावांच्या लांबीचा होता.

आता आपल्या गल्लीत या. मराठीत एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. यात सहा आणि नऊ सोडले तर सगळी नावे एका झटक्यात संपतात. एकूण अकरा उच्चार. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु. मोजले तर वीस. भराभर बोलताना शेवटचा ‘उ’ आखडतो, तरी कन्नड नावे लांबच राहतात. वेल्सचा नियम इथे लावला, तर दोन्ही भाषा सारख्याच येणाऱ्या मुलाला आकड्यांची रांग मराठीत थोडी जास्त धरता यावी. विद्यानगरातल्या कुठल्याही दुभाषिक घरात हा प्रयोग रात्री जेवणानंतर करून पाहता येईल.

मुंबई-कर्नाटकातले मोजमाप

हा प्रयोग आपल्या मुलखाला नवा नाही. धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते, तेव्हा व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन चाचणी इथल्या मुलांसाठी नव्याने बांधली. बिने यांची चाचणी १९०५ची. कामतांनी तिची सुधारित आवृत्ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केली, आणि त्यावरचा त्यांचा लेख १९३४मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’त आला. १९४०मध्ये ‘मेजरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे त्यांचे पुस्तक निघाले. ‘बिने-कामत’ या नावाने ही चाचणी भारतातल्या मानसशास्त्रज्ञांच्या हातात पुढे कित्येक दशके राहिली.

या चाचणीत ऐकलेले आकडे जसेच्या तसे म्हणायचे असतात, वाक्य ऐकून परत सांगायचे असते आणि आकडे उलट क्रमानेही म्हणायचे असतात. सरळ म्हणणे आणि उलट म्हणणे यांतला फरक मोठा आहे. ‘चार, नऊ, दोन’ सरळ म्हणायला आवर्तन पुरते. ‘दोन, नऊ, चार’ म्हणायचे तर आकडे धरायचे आणि धरलेले असतानाच फिरवायचे. म्हणजे हातचा धरून बेरीज करण्यासारखेच. बॅडली आणि हिच यांनी कार्यस्मृतीची मांडणी केली, त्याच्या चाळीस वर्षे आधी आपल्याकडच्या मुलांकडून हे काम दोन भाषांत करून घेतले जात होते.

कामतांनी चाचणी मुलाच्या भाषेत आणली, हे मला फार मोलाचे वाटते. परक्या भाषेत आकडे विचारले, तर मुलाची निम्मी ताकद शब्द ओळखण्यातच जाते, आणि कागदावर मात्र त्याची स्मृती कमी भरते.

सत्तेचाळीस की चाळीस सात

मराठीची एकेरी नावे आखूड असली, तरी दोन आकडी संख्यांत एक अडचण आहे. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना सात आधी कानावर येतो, लिहायचा मात्र चार आधी. सात धरून ठेवायचा, चार लिहायचा, मग सात. कन्नडमध्ये ‘नलवत्तेळु’, म्हणजे आधी चाळीस, मग सात. ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘चाळीस सात’सारखे वाचनही दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि तो विधानसभेपर्यंत गेला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मुलांना जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची अडचण येते, हे कारण सांगितले गेले. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांनी ऐकून लिहिलेल्या संख्यांत जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित होत्या, असे २००९च्या एका अभ्यासात दिसले. ‘सत्तेचाळीस’ आपल्या भाषेचा ठेवा आहे आणि तो टिकावा. पण ७४ लिहून बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला गणित येत नाही, असे म्हणण्याआधी त्याने सात किती वेळ धरून ठेवला होता, हेही पाहावे.

नवा शब्द कानात बसतो कसा

ध्वनी-आवर्तनाचा फोन नंबर धरण्यापलीकडे उपयोग काय, हा प्रश्न बॅडलींना छळत होता. उत्तर मिळाले ते इटलीतल्या एका तरुणीमुळे. शास्त्रात ती ‘पी. व्ही.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिला ऐकलेले दोनच आकडे धरता येत. बाकी बुद्धी, बोलणे, जुनी स्मृती नीट. ज्युसेप्पे वाल्लार आणि कोस्तान्झा पापान्यो यांच्याबरोबर बॅडलींनी तिला ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या शिकवल्या. त्या ती इतरांसारख्याच शिकली. मग रशियन शब्द शिकवले. ऐकून ऐकूनही तिला ते येईनात. १९८८मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नवा, अनोळखी नाद मनात बसेपर्यंत त्याला धरून ठेवण्याचे काम आवर्तन करते. भाषा शिकण्याचे ते साधन आहे. सुसन गॅदरकोल यांच्याबरोबरच्या कामात दिसले की निरर्थक शब्द ऐकून जसेच्या तसे म्हणता येणाऱ्या लहान मुलांचा शब्दसाठा पुढे चांगला वाढतो.

मराठी घरातले मूल कन्नड शिकते तेव्हा हेच घडते. म्हणून नवा शब्द तुटक, सावकाश, दोन-तीनदा कानावर पडू द्यावा. वाक्याच्या ओघात एकदाच कानावरून गेलेला शब्द आवर्तनात शिरत नाही.

मंगळूरचा विक्रम काय सांगतो

५ जुलै १९८१ला मंगळूरमध्ये राजन महादेवन यांनी ‘पाय’ या संख्येचे ३१,८११ आकडे पाठ म्हटले आणि जागतिक विक्रम केला. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या स्मृतीचा अनेक वर्षे अभ्यास केला. महादेवन स्वतःही मानसशास्त्राकडे वळले. आकड्यांची रांग ते इतरांपेक्षा किती तरी लांब धरत. पण २००४मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी आकड्यांऐवजी अनोळखी चिन्हे दिली, तेव्हा त्यांची मर्यादा सर्वसामान्य माणसाइतकीच भरली. त्यांची जागा इतरांएवढीच होती. आकड्यांशी वर्षानुवर्षे जडलेली मैत्री मोठी होती.

आपल्या पाढ्यांचे, पावकी-निमकीचे बळ याच जातीचे आहे. सात आठे छप्पन्न पाठ असले, की ते काढण्यात जागा खर्च होत नाही आणि हातच्याला ती मोकळी मिळते. ‘स्मरणशक्ती वाढवा’ म्हणणारे संगणकावरचे सराव घेतले, तर माणूस त्या सरावात तरबेज होतो. वाचन, गणित, शाळेतले यश यांत त्याचा फारसा फायदा होतो असे एकत्रित अभ्यासांत दिसलेले नाही. विषयाची ओळख वाढवणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

घरी, शाळेत, दवाखान्यात

सूचना एका वेळी एक किंवा दोनच द्याव्यात. मूल उठून अर्ध्या वाटेत थांबले, तर हातचा निसटला असे समजावे आणि शांतपणे पुन्हा सांगावे. रागावले की भीतीही त्याच लहान जागेत येऊन बसते.

फळ्यावरून उतरवताना मुलाला शब्द धरायचा, मान खाली घालायची, लिहायचे आणि पुन्हा जागा शोधायची असते. ओळ लांब असेल तर ती तोडून लिहावी, आणि लिहून होईपर्यंत पुढचे बोलू नये.

वयस्कांशी बोलताना एका वेळी एकच काम ठेवावे. बॅडली आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९८६मध्ये दाखवले की अल्झायमरच्या रुग्णांना दोन कामे वेगवेगळी झेपतात, पण एकत्र आली की ती फार कोलमडतात. चालता चालता आईला प्रश्न विचारण्यापेक्षा थांबून, समोर बसून विचारावा.

औषधांच्या वेळा तोंडी सांगून सोडू नयेत. गोळीच्या पाकिटावर, रुग्णाला वाचता येईल त्या लिपीत, सकाळ-संध्याकाळ लिहून द्यावे. दवाखान्यात माणूस आधीच घाबरलेला असतो. चार गोळ्यांची नावे आणि वेळा धरायला त्याच्याकडे जागा उरलेली नसते.

डोक्यावरचा लहान एक

पहिली-दुसरीत बेरीज शिकवताना बाई हातचा दशकाच्या घरावर लहान अक्षरात लिहायला लावतात. त्या छोट्या एकाला कुणी मुलाचा कमकुवतपणा म्हणत नाही. तो गणिताच्या रीतीतच धरलेला असतो. ही जागा सगळ्यांची लहान आहे, हे आपल्या शिक्षकांनी फार पूर्वीच ओळखून त्यासाठी कागदावर सोय केली. बॅडलींच्या साठ वर्षांच्या कामाने त्या सोयीमागचे कारण दाखवले. आता बेरजेपुरती असलेली ही सोय घरातल्या सूचनांना, वर्गातल्या फळ्याला आणि दवाखान्यातल्या पाकिटाला मिळायला हवी. मूल विसरले, तर त्याचा हातचा कुठे लिहून ठेवता येईल, एवढे आपण आधी पाहावे.